बारा टेम्पो आणि एक ओके

पाथरीकडचे बारा टेम्पो कापूस भरून पाथरीच्या केंद्राऐवजी थेट पालमला आले, ते माझ्या प्रोग्रॅममुळं. नाव मात्र मी अर्पिताचं घेतलं.

कापूस कधी आणि कोणत्या केंद्रावर आणायचा, याचा मेसेज शेतकऱ्यांना आमचा प्रोग्रॅम पाठवतो. तो मी पालमला घरी बसून लिहितो; सेलूची अर्पिता त्याचं प्रत्येक केंद्रासाठी वेगळं पॅकेज, म्हणजे तिथं चालवायची तयार प्रत, बांधते. यंदाचं पहिलं पॅकेज पाथरीचं होतं. टेम्पो आले त्या दुपारी केंद्रांचे मालक दिनकरराव फोनवर कडाडले. मी म्हणालो, "माझ्याकडं बरोबर चालतंय. बांधताना तिनंच घोळ घातला असंल." तिची नोकरी गेली आणि मी निवांत जेवलो.

तिसऱ्या दिवशी पाथरीचं पॅकेज मलाच बांधावं लागलं. पुन्हा पालम! मग बसलो शोधत. केंद्राचं नाव प्रोग्रॅम एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतो, म्हणजे कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलेल्या गोष्टीतून. ते मी माझ्या मशीनवरच्या खासगी फाइलीत कधीतरी लिहिलं आणि विसरलो. पॅकेज मात्र कोऱ्या वातावरणात बांधलं जातं. बाहेरचं काहीच आत जात नाही. नाव मिळालं नाही की प्रोग्रॅम मी चाचणीपुरतं घातलेलं गाव धरतो. मला दुसऱ्या कुणाचं गाव सुचणार होतं?

अंगणात माय ऊसतोडीला न्यायचं बिऱ्हाड बांधत होती. ती एकेक जिन्नस मोठ्यानं विचारायची आणि बाबा त्याला हात लावून उत्तर द्यायचे.

"तवा?"

"हाय."

"मीठ?"

"हाय की. मीठ तिथं बी मिळतंय."

"तिथं कोन देतंय? हात लावून सांगा."

दरवर्षी हे बघत मोठा झालो, तरी डोक्यात उजेड पडला नाही. शिकलेलं गाढव म्हणतात ते मीच.

मग अर्पिताचा आठवड्यापूर्वीचा मेसेज सापडला: "सर, केंद्राचं नाव मिळेना. प्रोग्रॅम पालमच धरायलाय. चालंल का?" खाली माझं उत्तर होतं, ओके. तिचा मेसेज मी वाचलाच नव्हता. इतकी लाज वाटली की मायकडं बघवेना.

दिनकररावांना खरं ते सांगितलं. "तिला बोलावतो, तुझं मग बघू," म्हणाले. मग अर्पिताला फोन लावला. तो उचलला तिच्या वडलांनी, नागनाथरावांनी. मी नाव सांगताच ते घाईघाईनं बोलू लागले.

"सर, पोरगी नवी हाय. काय चुकलं ते तिला बी सांगता येईना. दोन दिस झालं धड जेवली न्हाई. पन तुमी म्हनता म्हंजी चुकलंच असंल. तिच्यासाठी मी हात जोडतो, एक डाव माफ करा."





"काका, हात जोडू नका. चूक माझी हाय," मी म्हणालो. "फोन स्पीकरवर टाका. घरातल्या समद्यांना ऐकू द्या."