मॅरिटचं मागणं

नेब्रास्कातल्या आमच्या गावी चर्चच्या तळघरात संडे स्कूल भरतं. अर्लीसबाई तिथे वर्षानुवर्षं फुकट शिकवतात आणि वर कुकीजही घरून आणतात. शाळा सुटायच्या आधी मुलं गोल बसतात आणि देवाकडे काय मागायचं ते एकेक जण मोठ्यानं सांगतो.

"आमच्या कुत्र्यानं मोजा गिळलाय."

"माझ्या भावाला दुसऱ्या गावी पाठव."

"देवानं ऐकलं तर रात्री तूच रडशील," बाई म्हणायच्या.

आठ वर्षांच्या मॅरिटचं मागणं ठरलेलं असायचं, "आई बरी होऊ दे." आणि सगळ्यांनी डोळे मिटले, की ही बदकासारखी ओरडायची. नाहीतर टेबलाखाली शिरून पोरांच्या बुटांच्या नाड्या सोडायची. आईचं दुखणं गावाला माहीत होतं, त्यामुळे कुणी रागवत नसे. बाईंनी तिला शेजारी बसवून पाहिलं, मेणबत्ती विझवायचं काम दिलं. चार रविवार बरे जायचे, पुन्हा बदक.

नोव्हेंबरात ती ऐन प्रभूच्या प्रार्थनेत ओरडली आणि सगळा वर्गच बदकांचा झाला. बाईंचं डोकं फिरलं.

"असा गोंधळ घातलास ना मॅरिट, तर तुझं मागणं देवाच्या कानावर जाणारच नाही!"

वर्ग चिडीचूप. हे आधी कसं सुचलं नाही, असंही बाईंना वाटून गेलं.

थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि मॅरिटची आई गेली. चर्चच्या बायकांनी हॅमचे सँडविच केले, कॉफीच्या किटल्या भरल्या. आम्हाला दुःखात तेवढंच करता येतं.

पुढच्या रविवारी मॅरिट आली. हात जोडून, पाठ ताठ करून बसली. मागणं विचारलं तर नुसती 'नाही' अशी मान हलवली. पास्टरांची बायको दारातून डोकावली. "काय जादू केलीस गं, अर्लीस? सोन्यासारखी बसलीये पोर."

मॅरिटला न्यायला बाप आला. ड्वेन. तोही लहानपणी बाईंच्याच हाताखालचा.

"घरीपण अशीच बसते, मिस अर्लीस. रडत नाही. म्हणते, मी बदक झाले म्हणून आई गेली. हे कुठून घुसलं हो हिच्या डोक्यात?"

बाईंना गप्प राहता आलं असतं.

"मी घातलं, ड्वेन," त्या म्हणाल्या.

बाई गुडघे धरत कशाबशा खाली बसल्या आणि मॅरिटच्या तोंडासमोर तोंड आणलं. "बाळा, मी खोटं बोलले. वर्ग गप्प बसावा म्हणून बोलले. देवाला गोंधळातही ऐकू येतं. तुझं सगळं ऐकलंय त्यानं."

"आई बरी होऊ दे, हेपण?"

"हेपण. प्रत्येक वेळी."



"ऐकूनसुद्धा आईला नेलं?"

बाईंनी इतक्या वर्षांत शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं, पण या पोरीच्या हातावर ठेवावं असं त्यात काही सापडेना.

"मला माहीत नाही गं," शेवटी त्या म्हणाल्या.

मॅरिटनं कोटाची चेन लावायला बापाकडे हनुवटी वर केली.

"मग माझीच चूक असू दे," ती म्हणाली.