नदीकाठचे काळे

मोरेश्वर काळे त्या प्रदर्शनात इतिहासाच्या ओढीने शिरले नाहीत. त्यांना बाथरूमला जायचं होतं. शिकागोच्या डाउनटाउनमध्ये साठीच्या माणसाला स्वच्छ आणि फुकट बाथरूम हवं असेल, तर संस्कृतीच्या वाटेनेच जावं लागतं. त्या शनिवारी एक ग्रंथालय हाताशी होतं, आणि बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात दोन्ही भिंतींवर शहराच्या जुन्या नदीकाठाचे फोटो टांगले होते. जाताना त्यांनी एकही पाहिला नाही. येताना सगळे पाहिले, कारण येताना माणूस उदार असतो.

आज जिथे काचेच्या इमारती नदीत स्वतःचं तोंड बघत उभ्या असतात, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भाजीपाल्याचा घाऊक बाजार होता. घोडागाड्यांत घोडागाड्या अडकलेल्या, पिंपांवर पिंपं रचलेली, कोबीच्या पानांचा चिखल, आणि त्या सगळ्यात हॅट घातलेली माणसं जणू आपणच हे सगळं सुरळीत चालवतोय अशा चेहऱ्याने उभी. मोरेश्वरांना मंडईची आठवण झाली आणि बरं वाटलं. मग ते चौथ्या की पाचव्या फोटोपाशी आले आणि जागेवरच थांबले.

फोटोत एक दुकान होतं. दुकानावर पाटी होती. पाटीचा उजवा भाग पिंपांनी लादलेल्या गाडीआड गेला होता, पण डावीकडे हातभर उंचीच्या अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं: के, ए, एल, ई.

काळे.

दारात एक मिशीवाला उभा होता. डावा हात कमरेवर, पण पंजा उलटा, तळवा बाहेर. मोरेश्वरांचे धाकटे चुलते, बाळकाका, आयुष्यभर असेच उभे राहिले. मोरेश्वर स्वतः असेच उभे राहतात. त्या क्षणीही ते तसेच उभे होते.

ते बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीला, पद्मिनीबाईंना, हाताला धरून आत घेऊन आले. पद्मिनीबाईंनी फोटो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "नाक इटालियन आहे."

"पाटी वाच."

"वाचली. नाक तरी इटालियनच आहे."

आता या चार अक्षरांनी त्यांना जागीच का थांबवावं, हे कळण्यासाठी आधीच्या रविवारी मागे जायला हवं. त्या दिवशी जेवताना, वरणभाताच्या वेळी, त्यांच्या मुलाने, नकुलने, जाहीर केलं होतं की बाळ व्हायच्या आत तो कोर्टात जाऊन आडनाव बदलणार आहे. कोर्टाची तारीखही मिळाली होती. नवं आडनाव: रे. त्याचं, बायकोचं आणि बाळाचंही.

मुलाचं दुःख खोटं नव्हतं, हे मोरेश्वरांनाही मान्य होतं. केल नावाची एक कुरळ्या पानांची भाजी या देशात मिळते. ती तब्येतीला इतकी चांगली असते की मनापासून कुणीच खात नाही. तिचं स्पेलिंग आणि काळ्यांचं स्पेलिंग एकच. नकुल लहान होता तेव्हा ती हॉटेलांत ताटाच्या कडेला शोभेपुरती असायची, त्यामुळे बालपण बरं गेलं. तो डॉक्टर होईपर्यंत मात्र तिचं युग आलं. त्यातून तो झाला लहान मुलांचा डॉक्टर. दारावर पाटी, डॉक्टर केल. मुलं इंजेक्शनला रडायच्या आधी पाटीला रडत. एका चार वर्षांच्या रुग्णाने त्याला सरळ सांगितलं होतं की तू आत येऊ नकोस, मी घरी तुला खाल्लंय.

सून आश्लेषा पुण्याची, नोकरीच्या व्हिसावर आलेली. माहेरचं आडनाव दाते, आणि लग्नानंतर तिने तेच ठेवलं होतं, तत्त्वासाठी थोडं आणि पासपोर्टच्या कंटाळ्यासाठी जास्त. दात्यांचं स्पेलिंग डेट. ऑफिसच्या कॉम्प्युटरने ते आडनाव अनेकदा नाकारलं. त्याला आधी महिना हवा होता, मग दिवस, मग वर्ष. तिने कुणाला मीटिंगचं आमंत्रण पाठवलं की समोरचा सभ्य माणूस आधी बावचळायचा आणि मग बायकोला दाखवायचा.

दोन्ही आडनावं जोडून ठेवा, असं मोरेश्वरांनी सुचवून पाहिलं होतं.

"केल-डेट?" नकुल म्हणाला होता. "बाबा, दॅट्स नॉट अ चाइल्ड. दॅट्स अ स्मूदी."

त्यावर मोरेश्वर पणजोबांपासून सुरू झाले. काळे घराणं कुठून आलं, कुठे गेलं, कुणी विहीर बांधली. नकुलने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की बाबा, या शहराने अख्खी नदी उलटी फिरवली, मी फक्त चार अक्षरं फिरवतोय. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बोटीत बसवून, ही नदी पूर्वी तळ्याकडे वाहायची, माणसांनी ती उलट दिशेला वळवली, हे अभिमानाने सांगणारे मोरेश्वरच होते.

पद्मिनीबाईंची अडचण वेगळी होती. "रे हे काय आडनाव आहे? उद्या मुलगा झाला आणि नाव ईशान ठेवलं, तर 'ईशान रे' म्हटलं की हाक मारल्यासारखं वाटतं. पोर थांबून राहील, पुढचं वाक्य कधी येतंय म्हणून."

तर अशा अवस्थेत मोरेश्वरांना ती पाटी दिसली होती. काळे इथे आधीच होते. काळे हे अमेरिकन आडनाव होतं. नदीकाठी दुकान थाटून, कमरेवर उलटा हात ठेवून, ते नातवाची वाट बघत होते.

त्यांनी फोटोचा फोटो काढला आणि शिकागोच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "शिकागोतील आद्य मराठी व्यापारी?" प्रश्नचिन्ह त्यांनी प्रामाणिकपणे टाकलं होतं. ते पहिल्या दहा मिनिटांत गळून पडलं.

मराठी माणूस आणि घाऊक धंदा म्हटल्यावर काहींना तिथेच शंका आली. पण मग चर्चेला खरी धार चढली, ती दुकानदार काळे कोकणस्थ की देशस्थ या मुद्द्यावर. मिशीवरून देशस्थ ठरले. दुकान वेळेवर बंद करत असावेत असं दिसतं, या कारणाने पुन्हा कोकणस्थ झाले. मंडळाचे अध्यक्ष विवेक गोरे नागपूरचे. इंग्रजीत त्यांच्या आडनावाच्या स्पेलिंगचा अर्थ रक्ताचा सडा असा होतो आणि त्यांनी ते तीस वर्षांत कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. त्यांनी लगेच हॉल बुक केला. शाल, श्रीफळ, सत्कार. सत्कार कुणाचा, हे पुढे बघू.

शोभना साने म्हणून एक बाई ग्रुपवर आहेत. त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग इंग्रजीत डोकं ठिकाणावर असलेल्या माणसासाठी वापरतात. त्यांनी लिहिलं, "भाजीबाजारातली पाटी आहे. भाजीचं नाव नसेल कशावरून?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. वरून अंगठाही नाही.

हाच प्रश्न नकुलने विचारला, पण त्याला उत्तर द्यावं लागलं, कारण तो समोर बसला होता. मोरेश्वर म्हणाले की घाऊक व्यापारी एकाच भाजीची पाटी कशाला लावेल? आपल्याकडे कुणी दुकानावर नुसतं 'मेथी' लिहितं का? नकुलने फोन काढला. मग त्याने ग्रंथालयाच्या वेबसाइटवर शोधलं, आणि त्याच दुकानाचा दुसऱ्या बाजूने काढलेला आणखी एक फोटो निघाला. तो प्रदर्शनात नव्हता, मागितला तर दाखवणार होते.

"ओके बाबा. माणूस निघाला तर मी काळे राहतो, बाळ पण काळे. भाजी निघाली तर तुम्ही काही बोलायचं नाही. विहीर पण नाही."

मोरेश्वरांनी पद्मिनीबाईंकडे पाहिलं. पद्मिनीबाई भाजी निवडत होत्या.

"मान्य," ते म्हणाले.

कोर्टाच्या तारखेआधीच्या शनिवारी चौघं ग्रंथालयात गेले. आश्लेषाला दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला गाडीतून उतरवणं हाच एक छोटा समारंभ होता. आतल्या खोलीत एका बाईंनी पांढरे हातमोजे घालून मोठ्या पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. दुकान तेच, पिंपं तीच, मिशीवालाही तोच, पण या वेळी दोन्ही हात खिशात. गाडी निघून गेली होती. पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होती.

मोरेश्वरांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा पुसला. चार अक्षरांनंतर नाव नव्हतं, 'आणि मंडळी' नव्हतं. एक टिंब होतं, आणि मग पुढचा माल.

"भाजी," ते म्हणाले.

नकुलने जिंकल्याचा आव आणला नाही, हे त्याचं मोठेपण, आणि तेच मोरेश्वरांना जास्त लागलं. त्यांनी फोटो हलक्या हाताने मुलाकडे सरकवला.

"ठीक आहे. रे तर रे. शब्द दिलाय."

तेवढ्यात आश्लेषा हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग पोटातून, आणि पोट मोठं असल्याने टेबलही थोडं हललं. हातमोजेवाल्या बाईंनी फोटो धरून ठेवला.

"बाबा, पूर्ण वाचा की पाटी."

मोरेश्वर स्वतःच्या आडनावाशीच थांबले होते. कुठलाही काळे तिथेच थांबला असता. आता त्यांनी पुढे वाचलं. "केल. डेट्स. फिग्स."

"केल, खजूर, अंजीर," आश्लेषा म्हणाली. "काळे, दाते. शेजारी शेजारी. माझ्या माहेरच्यांचं तर अनेकवचन केलंय, म्हणजे आदरार्थी."

"आशू, इट्स जस्ट फ्रूट," नकुल म्हणाला.

"असू दे. या देशात आल्यापासून माझं आडनाव जिथे तिथे छापलेलं दिसतं, आणि पुढे रिकामी रेघ असते. काहीतरी भरा म्हणून. पहिल्यांदा कुणीतरी ते पाटीवर रंगवलेलं बघतेय. सोन्याच्या अक्षरांत."

"ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे."

"सोनेरीच आहेत," पद्मिनीबाईंनी निकाल दिला.

आश्लेषाने डोळे पुसले. मग नवऱ्याचा हात धरून, हसू अजून पुरतं ओसरलेलं नसताना, म्हणाली, "नकुल रे, मला रे नाही व्हायचं."

नकुल फोटोवर वाकला. दुकानापुढे गर्दी होती. हॅटवाले, टोपीवाले, एक बाई टोपली घेऊन, एक घोडा कुणाच्या तरी खांद्यावरून आत डोकावत होता.

"हे सगळे केल घ्यायला आलेत," तो म्हणाला.

"आणि खजूर," आश्लेषा म्हणाली.

"आणि कुणी रडत नाहीये."

मग त्याला आधी हसू फुटलं, पाठोपाठ आवाजही. मोरेश्वरांनी त्याला आडनावावरून हसताना कधी पाहिलं नव्हतं. लोकांना हसताना पाहिलं होतं, त्याला नाही. "वी आर अ स्टोअर," तो म्हणत राहिला, "आशू, वी आर अ होल स्टोअर," आणि हसता हसता तो सरळ उभा राहिला, डावा हात कमरेवर, पंजा उलटा, तळवा बाहेर. पद्मिनीबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. मोरेश्वरांना ते आधीच दिसलं होतं, पण न बोलण्याचा शब्द दिलेला असल्याने ते बोलले नाहीत. फक्त चष्मा तिसऱ्यांदा पुसला.

नकुलने त्या फोटोची मोठी प्रत मागितली आणि कोर्टाची तारीख कॅन्सल केली. प्रत आता त्याच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलासमोर लावलेली आहे. मुलं घोडा बघतात, पिंपं मोजतात आणि विचारतात की हे तुमचं दुकान होतं का. नकुल हो म्हणतो. मोरेश्वरांनी एकदा त्याला सांगितलं की मुलांशी खोटं बोलू नये. नकुल म्हणाला, "मी फक्त हो म्हणतो बाबा. विहीर सांगत नाही."

बाळ दोन आठवड्यांनी झालं. मुलगी. अनिका काळे-दाते. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पेढे आले. नर्सने विचारलं की आडनाव काय, आणि आश्लेषाने सांगितलं. नर्स म्हणाली की तारीख मी नंतर लिहिते, आधी आडनाव सांगा. आश्लेषा पुन्हा हसायला लागली. टाके दुखत होते, तरी हसली.

राहिला मंडळाचा प्रश्न. मोरेश्वर सरळ माणूस. त्यांनी ग्रुपवर दुसरा फोटो टाकला आणि खाली स्पष्ट लिहिलं की पाटीवर माणसांची नावं नसून भाजी आणि सुका मेवा आहे, गैरसमजाबद्दल क्षमस्व. शोभना साने यांनी अंगठा दिला. बाकीच्यांनी हा काळ्यांचा विनय मानला. हॉल बुक झाला होता, शाल आणली होती, नारळही. शिवाय दुसऱ्या फोटोने संशोधन पुढेच गेलं होतं. काळ्यांना भागीदार होता, आणि तो दाते होता. यावरून जुना वादही मिटला: भागीदारी इतकी टिकली म्हणजे दोघंही कोकणस्थ असणार. किंवा, नागपूरच्या गोऱ्यांचं मत पडलं, दोघंही नसणार.

सत्कार कुणाचा, हेही आपोआप सुटलं. दोन्ही भागीदारांची एकमेव वारस शिकागोतच उपलब्ध होती. विवेक गोऱ्यांनी तिच्या अंगावर शाल पांघरली, म्हणजे तिला शालीत गुंडाळलं, आणि नारळ तिच्या आजोबांच्या हातात दिला. भाषणं झाली. अनिका सगळ्या भाषणांत झोपली होती. त्या दिवशी तिथल्या तिथे तिची बुद्धी वाखाणली गेली.

शेवटी कुणीतरी मागून विचारलं की ते तिसरे भागीदार, फिग्स, ते कोण?

गोरे माइक जवळ घेऊन म्हणाले की त्यावर अजून काम व्हायचंय, पण बहुधा गोव्याकडचे असावेत.

मोरेश्वर पहिल्या रांगेत नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना उठून सत्य सांगता आलं असतं. पण नात झोपेत हसत होती, नारळ एका हातात होता, आणि फिग्स गोव्याकडचे असतील तर असोत, आपलं काय जातंय.