वाळूच्या कडेचा ठसा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे घरात कुणी जागं आहे असं वाटलं. तिनं गॅस बंद केला, खिशात फूटपट्टी कोंबली आणि मागचं दार उघडलं.

पायऱ्यांपुढे भिंतीपासून कुंपणापर्यंत वाळूचा आडवा पट्टा होता, चांगला दोन हात रुंद. रोज संध्याकाळी चाळलेली वाळू शिंपडून ती फळीनं सपाट करायची आणि सकाळी पाहायची, ओढ्यापलीकडच्या झाडीतून कोण येऊन गेलं. ससा यायचा, मुंगूस यायचं. एकदा कोल्हा आला. त्या दिवशी सांगायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं.

"लोक अंगणात फुलझाडं लावतात," काकू म्हणाल्या, "तू पावलं लावतेस."

नवरा चार महिन्यांपूर्वी त्याच्या भावाकडे राहायला गेला होता. आदळआपट काही नाही. "ससा कुठे थबकला ते तुला दिसतं," एवढंच म्हणाला. "मी या घरात कधीपासून थबकलोय, ते नाही दिसलं."

काल जावेचा फोन आला होता. "भावजींनी बॅग भरलीये. येतील एक-दोन दिवसांत. तू आपणहून काही बोलू नकोस हं, बिचकतील."

"जनावर आहेत का ते, बिचकायला?" ती म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर पलंगावरची चादर बदलली. मुलीला काही सांगितलं नाही. उगाच आस लावायची आणि मग समजूत काढत बसायची.

आज वाळू कोरी होती. फक्त पलीकडच्या कडेला बुटाचं एक टोक उमटलं होतं. त्यामागे भुसभुशीत मातीत बाकीचं सगळं.

ती वाळू ओलांडून पलीकडे उकिडवी बसली. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. फूटपट्टी खिशातच राहिली. पुढचं दार त्याला कधी आवडलंच नाही, तो कायम मागून यायचा. "तुझ्या राज्याची हद्द आली," म्हणत लांब टांग टाकून वाळू ओलांडायचा. ठशांवर दव पडलेलं, म्हणजे उजाडायच्या आधीच आला होता. एकाच जागी पावलांवर पावलं चढली होती. बराच वेळ उभा होता. शेजारी बॅगेचा चौकोनी खळगा. बॅग खाली ठेवली, एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. मग बॅग उचलली. परतीची पावलं जवळजवळ पडलेली, रेंगाळत गेलेली.

आणि त्या वेळी ती आत, भिंतीच्या अलीकडे, गाढ झोपली होती.

तिनं फळी उचलली.

"पुसू नकोस, मी अजून वाचलं नाही." मुलगी डोळे चोळत पायरीवर उभी होती. सहा वर्षांची, केस पिंजारलेले. वाळूवरून उडी मारून आली, आईसारखीच उकिडवी बसली, आईसारखीच मान तिरकी केली. "कोण आलं होतं?"

"मीटरवाला असेल."

"मीटरवाला बॅग कशाला आणेल?" तिनं खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग टाचेच्या ठशात आपला अनवाणी पाय ठेवून पाहिला. "ही बाबांची टाच आहे. शाळेत जाताना मी त्यांच्या पावलांवर पाय ठेवून चालायचे. मला माहितीये."

आईनं फळी खाली ठेवली. खोटं आणखी ओढण्यात अर्थ नव्हता.

"हो," ती म्हणाली. "बाबाच होते."

मुलीनं पावलांचा माग कुंपणापर्यंत पाहिला, परत फिरून वाळूच्या कडेशी आली. त्या अर्ध्या ठशाकडे बघत राहिली. आईला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. चाळलेल्या सपाट वाळूवरून तिनं नजर दारापर्यंत नेली आणि विचारलं,

"आई, ही वाळू नसती तर बाबा आत आले असते का?"