एक्क्याऐंशीला एक्क्याऐंशी

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला एफी गोवान्सनं अठराव्या होलमध्ये चेंडू सरकवला, वाकून बाहेर काढला, स्कर्टला पुसला आणि खिशात टाकला. तिच्या जोडीची बाई पेन्सिल चावत कार्डावरच्या फटक्यांची बेरीज करत होती. तिनं दोनदा बेरीज केली आणि मग नुसतंच एफीकडे पाहिलं. एक्क्याऐंशी. सकाळी खेळून गेलेल्या मिसेस किनेअर्डचेही एक्क्याऐंशीच होते.

पिटलाउरीच्या बायकांच्या गोल्फ क्लबाचा जूनचा चषक शनिवारीच असायचा. एफी मेणकापडाच्या कारखान्यात कोळ्यांचे पावसाळी कोट शिवायची. कारखाना शनिवारी बाराला सुटायचा, म्हणून कारखान्यातल्या बायकांची नावं यादीत कायम तळाला. डॉक्टरांची, बँकेतल्या साहेबांची, शाळेच्या हेडमास्तरांची बायको नऊला सुरुवात करायची, तेव्हा समुद्र तेलासारखा सपाट असायचा. एफी एकनंतर सुरुवात करायची. त्या दिवशी पहिले नऊ होल तिनं अडतीस फटक्यांत मारले होते. असे ती आयुष्यात कधी खेळली नव्हती. मग पश्चिमेचा वारा उठला. परतीचे नऊ होल वाऱ्याच्या तोंडात चालत यायचे होते, त्यांना त्रेचाळीस लागले. त्रेचाळीससुद्धा तिनं दात-ओठ खाऊन मिळवले होते.

क्लबाच्या खोलीत कप्तान मिस वेडरबर्न टेबलाशी बसल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ, ट्वीडचा कोट जूनमध्येही गळ्यापर्यंत बंद. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली होती आणि निकाल त्यांच्या मनात लागूनही गेला होता, हे एफीला दारातूनच कळलं.

"बरोबरी झाली तर सोमवारी दहा वाजता पुन्हा अठरा होल, मिसेस गोवान्स," त्या म्हणाल्या. "जी येणार नाही तिच्यासाठी थांबायचं नाही, कार्डं मागून मोजायची. नियम फळ्यावर आहे. आजचा नाही, सत्तावीस वर्षांचा आहे."

"सोमवारी दहाला मी मशीनवर असते, बाई."

"ठाऊक आहे मला. म्हणून तुमचा वेळ वाचवते. कार्डंच मोजू."

मागून मोजायचं म्हणजे शेवटच्या नऊ होलांत जिचे फटके कमी, तिचा चषक. तिथंही बरोबरी असली तर शेवटचे सहा, मग तीन, मग एकच. मिसेस किनेअर्डनी सुरुवात वाईट केली होती, बेचाळीस. परतीचे नऊ मात्र एकोणचाळीस. एफीचे त्रेचाळीस. बोटांवरही मोजायची गरज नव्हती.

तीन वर्षांपूर्वी जाळ्यांच्या कारखान्यातली जेसी मेल्ड्रम अशीच बरोबरीत आली होती. तिलाही सोमवार दहा हीच वेळ मिळाली होती. जेसी 'बरं' म्हणून घरी गेली आणि पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. तेव्हा एफीही खोलीत होती आणि तीही गप्प बसली होती. ती गोष्ट तिला अधूनमधून टोचायची.

"पहिले नऊ मोजले तर मी चार फटक्यांनी पुढे आहे," ती म्हणाली. "मागच्या नवांतला फटका वजनानं जास्त असतो का?"

चहाच्या किटलीजवळ कुणीतरी हसू दाबलं. मिस वेडरबर्ननी तिकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"कुठून तरी मोजायलाच हवं."

"मोजायला कशाला हवं? खेळायला हवं." एफीचा आवाज चढला नव्हता, पण कान तापले होते. "आत्ता सहा वाजलेत. दहापर्यंत उजेड आहे. किनेअर्डबाईंना निरोप धाडा. नाहीतर सोमवारी पहाटे पावणेपाचला. आठच्या भोंग्याच्या आत संपतं."

मिस वेडरबर्न म्हणाल्या, की कमिटीतली एकही बाई त्या वेळी तिथं असणार नाही, आणि कमिटीनं न ठरवलेला खेळ हा खेळच नव्हे. चषक बुधवारी दिला जाईल. त्यांनी कार्डं उचलून वहीत ठेवली आणि वही मिटली.

घरी तिचा नवरा टॅम चुलीपाशी हेरिंग तळत होता. ओटाच्या पिठात घोळवलेल्या माशाचा वास जिन्यापर्यंत आला होता. शनिवारी बोट बंदरात असली की स्वयंपाक त्याचा.

"जिंकलीस?"

"नाही."

"हरलीस होय?"

"तेही नाही."

"मग इतका वेळ तिकडे करत काय होतीस?" त्यानं मासा उलटला. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, की किनेअर्डबाईंना सकाळचा चहा बिछान्यात लागतो, पावणेपाचला त्या फार तर कूस बदलत असतील.

"न येऊ दे. मी जाणार."

"एकटी कुणाशी बरोबरी सोडवणार गं तू?"

ती जेवायला बसली.

रविवार देवाचा, त्या दिवशी पिटलाउरीत चेंडू कुणी हातात घेत नसे. खेळाच्या माळावर फक्त मेंढ्या. चर्चमधून बाहेर पडताना एफी फाटकाजवळ उभी राहिली. मिसेस किनेअर्ड डॉक्टरांच्या हाताला हात देऊन आल्या. उंच बाई, चेहरा कायम थोडा कंटाळलेला. एफी त्यांच्याशी यापूर्वी 'नमस्कार' आणि 'आज वारा आहे' यापलीकडे बोलली नव्हती.

"उद्या पावणेपाचला मी पहिल्या होलवर असेन, बाई," ती म्हणाली. "कमिटी म्हणते तो खेळ धरणार नाहीत. माळ गावाचा आहे, माझ्या खेळण्याला कुणाची हरकत चालत नाही. तुम्हाला यायचं असलं तर या."

डॉक्टरांनी टोपी सारखी केली. मिसेस किनेअर्डनी हातमोज्याचं बटण लावलं, एफीकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. मागून येणाऱ्या बायकांनी हे पाहिलं होतं. दुपारपर्यंत गावभर झालं, की गोवान्सच्या बायकोनं डॉक्टरीणबाईंना चर्चच्या दारात आव्हान दिलं. एफीला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सोमवारी पहाटे समुद्रावरून धुकं चढलं होतं. वडिलांच्या जुन्या पिशवीत पाच काठ्या घेऊन एफी पोचली तेव्हा माळ राखणारा म्हातारा वॅटी पिरी लांब वेतानं पहिल्या होलभोवतीच्या हिरवळीवरचं दव झटकत होता.

"कमिटीनं मला काही सांगितलेलं नाही, पोरी," तो म्हणाला. "दव मी रोजच झटकतो. आज जरा लवकर झटकतोय, इतकंच."

पावणेपाच झाले. पाच वाजायला आले. एफीनं चेंडू ठेवला आणि काठी काढली. मग धुक्यातून सायकलची चेन कुरकुरली. मिसेस किनेअर्ड नवऱ्याचा ओव्हरकोट घालून आल्या होत्या, पिशवी पाठीला बांधलेली, केस विंचरलेले नव्हते.

"चेन पडली," त्या म्हणाल्या. बोटं काळी झाली होती. त्यांनी ती ओल्या गवताला पुसली. मग सरळ उभ्या राहिल्या. "एक गोष्ट आधीच सांगते. तुझ्यावर दया येऊन आलेली नाही मी. शनिवारी मेरियन वेडरबर्ननं माझं अभिनंदन केलं. घरी गेले, तर ह्यांनी विचारलं, कुणाला हरवलंस? मला सांगता येईना. मला तुला हरवायचंय."

"बघू की," एफी म्हणाली.

दोघींनी एकमेकींची कार्डं घेतली आणि सुरुवात केली.

भराभर खेळल्या दोघी. बोलणं जवळजवळ नाहीच. धुक्यात चेंडू पडायचा कुठे ते दिसत नसे, आवाजावरून जायचं. किनेअर्डबाईंचा फटका लांब होता, एफीचा आखूड पण सरळ. सहाव्या होलवर बाईंचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला आणि तीन फटक्यांत निघाला. त्यांनी कोळ्यांच्या तोंडीच शोभेल असा एक शब्द उच्चारला. एफीनं तो ऐकलाच नाही असं दाखवलं, पण नंतरच्या दोन होलांभर तिला आतल्या आत हसू येत होतं. नऊ होल झाले तेव्हा एफी एका फटक्यानं पुढे होती. धुकं विरळ झालं. वारा नव्हता. परतीच्या वाटेवर वारा नसताना ती गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच चालत होती, आणि तिला कळलं की हा माळ सकाळी निराळाच असतो.

पंधराव्या होलला आडवा ओढा आहे. चौदा होलांअखेर दोघींचे फटके पुन्हा सारखे झाले होते. एफीला ठाऊक होतं, की ओढ्याच्या अलीकडे थांबावं, मग पलीकडे जावं. वीस वर्षं ती तसंच करत आली होती. त्या दिवशी तिनं तसं केलं नाही. हात सुटे होते, वारा नव्हता, आणि मागे राहून कुणाचं भलं झालं होतं, असं तिच्या मनात आलं. तिनं मोठी काठी घेतली आणि सगळं अंग टाकून फटका मारला. चेंडू छान उडाला. काठावर आपटला आणि पाण्यात गेला.

दोन फटके गेले. सतराव्यावर एक परत मिळाला. अठराव्यावर दोघींना पाच-पाच. बेरीज झाली: किनेअर्ड एकोणऐंशी, गोवान्स ऐंशी.

वॅटी कुंपणापाशी वेत टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली. कुणासाठी ते सांगितलं नाही.

"ओढ्यावरून मारायला नको होतं तू," मिसेस किनेअर्ड कार्डावर सही करत म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"पुन्हा मारशील?"

"पुन्हा मारीन." एफीनं त्यांच्या हातात हात दिला. तिला वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं. पण शनिवारची ती चीड आता उरली नव्हती. समोर एक बाई उभी होती, काळ्या बोटांची, घामेजलेली, आणि हिनं तिला हरवलं होतं.

पावणेआठ झाले होते. एफी पिशवी वॅटीकडे टाकून बंदराच्या उतारावरून पळाली आणि भोंगा संपता संपता मशीनवर बसली.

बुधवारी संध्याकाळी ती कारखान्यातून थेट क्लबात गेली. कपड्यांना मेणकापडाला लावायच्या जवसाच्या तेलाचा वास येत होता, दोन बायका जरा सरकून बसल्या. मिस वेडरबर्ननी वाचलं, की चषक मिसेस किनेअर्ड यांना, परतीच्या नऊ होलांच्या मोजणीवर. टाळ्या झाल्या. मिसेस किनेअर्डनी चषक घेतला नाही. त्या म्हणाल्या, की चषक त्यांचाच आहे, पण कारण चुकीचं वाचलं गेलं. आणि खिशातून सोमवारची दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली.

मिस वेडरबर्न म्हणाल्या, की तसला कुठलाही खेळ कमिटीच्या माहितीत नाही. निकाल तोच आहे, मग चषक कुणी कशानं जिंकला याचा वाद कशाला?

एफी उठली आणि टेबलापर्यंत गेली. खोलीत सगळ्यांना तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता.

"निकाल तोच नाही, बाई. शनिवारी मी हरले नव्हते. सोमवारी हरले. वहीत सोमवार लिहा."

"ही वही कमिटीची आहे."

"हरणं माझं आहे."

तिनं वही स्वतःकडे वळवली, दौतीतला टाक उचलला आणि त्या वर्षीच्या ओळीखाली, शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात लिहिलं: सोमवार, पहाट. म्युरिअल किनेअर्ड एकोणऐंशी. युफेमिया गोवान्स ऐंशी. शाई जरा जास्त आली होती. मिसेस किनेअर्डनी टिपकागद पुढे सरकवला.

"हे खोडलं जाईल, मिसेस गोवान्स," मिस वेडरबर्न म्हणाल्या.

"खोडा. मी पुन्हा येऊन लिहीन. मला घरून यायला सहा मिनिटं लागतात."

कुणी खोडलं नाही. शुक्रवारी मात्र पत्र आलं: परवानगीशिवाय वहीत लिहिल्याबद्दल मिसेस गोवान्स यांना उरलेल्या हंगामात क्लबाच्या एकाही स्पर्धेत भाग घेता येणार नाही. मिसेस किनेअर्डना कसलंच पत्र आलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून आपलं नाव काढून घेतलं आणि तसं कमिटीला कळवलंही. एफीला ते वॅटीकडून समजलं. तिनं त्याबद्दल त्यांचे आभार मानले नाहीत. त्यांनाही ते आवडलं नसतं.

टॅमनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, की आता शनिवारी ती काय करणार, त्याला मासे तळायला मदत करणार का.

"शनिवारी खेळणार," एफी म्हणाली. "स्पर्धा त्यांची आहे, माळ नाही. मला चार वाजता डॉक्टरीणबाई भेटणार आहेत, पहिल्या होलवर. एकोणऐंशी मारलेत त्यांनी, ते मला राहून राहून आठवतंय."

आणि ती पंधराव्या होलसाठी मोठ्या काठीची मूठ नव्यानं गुंडाळायला बसली.