तोंडाचा नव्हे, इंजिनाचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, कुत्र्याच्या गळ्यातला नाही आणि तोंडाचाही नाही, जरी तो ठपका माझ्यावर कायमचा बसला. मी मोटारीच्या इंजिनाचा पट्टा. किंचाळतो म्हणून बदनाम झालो. हो, किंचाळलो! वेळ आली तर पुन्हा किंचाळेन.

माझा जन्म कारखान्यातला. काळं रबर, आत दोऱ्यांची वीण आणि पोटावर खाचा. काम एकच. इंजिनाच्या जोरावर डायनॅमो फिरवायचा. तो फिरला की वीज तयार होते, बॅटरी भरते, दिवे लागतात, गाडी चालत राहते. बॉनेट उघडलं की लोक इंजिनाचं कौतुक करतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नका बघू, माझं काही अडलेलं नव्हतं.

गाडी तिघांच्या घरातली. नवरा बसने ऑफिसला जायचा, गाडी चालवायची सूनबाई. सासऱ्यांच्या किडन्या निकामी झालेल्या, त्यांना दिवसाआड डायलिसिसला न्यायचं काम तिचं. एक खेप चुकली की म्हाताऱ्याच्या पायांवर सूज आणि छातीत धाप. गाडी बंद पडणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ होता. पण सासरे मोठे वल्ली! पुढच्या सीटवर बसून म्हणायचे, "सूनबाई, जरा हळू. मला आज मरायला वेळ नाही."

मग डायनॅमोचं चाक ज्यावर फिरतं, ते बेअरिंग आतून बिघडायला लागलं. मी जीव तोडून ओढतोय आणि हा गडी जागचा हलेना. मी त्याच्या चाकावर घसरायचो आणि घसरलो की किंचाळायचो. सकाळी इंजिन गार असताना तर फारच. दिवे आणि वायपर एकदम लावले की आणखी. हेडलाइट मिणमिणायचे, समोर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायचा. याहून स्पष्ट मी काय बोलायला हवं होतं?

सूनबाईला कळलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाडी ओरडतेय. लाल दिवाही लागतोय मधूनमधून. एकदा दाखवून आणा ना."

"पट्टा आहे तो. ओरडणारच."

"मी कधीपासून सांगतेय..."

"अगं, त्याचा काय आणि तुझा काय, तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही!"

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. सूनबाई हसली नाही. मला तर असा संताप आला की दुसऱ्या दिवशी मी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत केकाटत गेलो. शेजारच्या काकूंनी खिडकी धाडकन लावून घेतली.

मग त्याने नवी बॅटरी आणून बसवली. थोड्याच दिवसांत तीही मलूल. अरे बाबा, नळालाच पाणी नाही, तर नवा हंडा आणून काय होणार?

शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी त्याला अक्कल शिकवली. एका सकाळी साबणाची कोरडी वडी घेऊन तो आला आणि त्याने ती माझ्या अंगाला चोळ चोळ चोळली. गाडी सुरू केली. मी गप्प.

"बघ! झाला की नाही बंद?" तो म्हणाला.

आवाज बंद झाला होता, पण माझी पकडही सुटली होती. मी नुसताच सुळसुळत होतो आणि डायनॅमो जेमतेम फिरत होता. बॅटरी रिकामी होत होती आणि मला ओरडताही येत नव्हतं. तोंडात बोळा कोंबल्यावर कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

दुपारी सूनबाई सासऱ्यांना घेऊन निघाली. आभाळ गच्च भरलेलं, दिवे लावावे लागले, मग वायपर.

"बाबा, आज आवाज येत नाहीये," ती म्हणाली.

"बरं झालं की."

"नाही बाबा. मला भीती वाटतेय."

पुलाच्या मधोमध दिवे विझत आले, वायपर काचेवर अर्ध्यात थांबला आणि इंजिन बंद पडलं. सासऱ्यांना धाप लागली होती. सूनबाई भर पावसात रस्त्याच्या मध्ये उभी राहिली आणि तिने ब्रेडची व्हॅन अडवली. पावांच्या ट्रेशेजारी बसून सासरे दवाखान्यात पोहोचले. उशीर झाला, डॉक्टर रागावले, पण म्हातारा वाचला.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये. नवराबायको दोघंही हजर. मिस्त्रीने मला बोटाने दाबलं. "पट्टा गेलाय, वहिनी. नवीन टाकतो."

मला काढून कोपऱ्यात भिरकावलं. माझ्या जागी कोरा करकरीत पट्टा चढला. मिस्त्रीने गाडी सुरू करून दिवे लावले आणि तो नवा पठ्ठ्या थेट माझ्याच आवाजात किंचाळला! भंगारात पडल्या पडल्या मी मनात म्हटलं, शाब्बास रे!

"हाही खराब निघाला?" नवरा म्हणाला.

"दोघं एकच सांगतायत आणि दोघंही खोटे?" सूनबाईचा आवाज चढला. "दादा, पट्टा काढा. तो जे जे फिरवतो, ते हाताने फिरवून बघा."

मिस्त्रीने फिरवून बघितलं. बाकीची चाकं अलगद फिरली. डायनॅमोचं चाक मात्र करकरलं आणि अडलं.

"बेअरिंग जाम झालंय," तो डोकं खाजवत म्हणाला. "हे आधीच बघायला हवं होतं."

बेअरिंग बदललं. मीटर लावला, काटा बारा व्होल्टवरून चौदावर चढला आणि तिथेच राहिला. लाल दिवा विझला. नवा पट्टा आपोआप शांत झाला. त्याला कुणी साबण लावला नव्हता.

घसरून घसरून माझ्या कडा जळल्या होत्या, मी काही कामाचा उरलो नव्हतो. सूनबाईने मला उचलून घरी आणलं. सासऱ्यांनी मला दारामागे किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवलं.

परवा जेवताना ती म्हणाली, "अहो, शेगडीजवळ गॅसचा वास येतोय."

"अगं, झाला का तुझ्या तोंडाचा प..."

त्याची नजर माझ्यावर पडली. सासरे उगीचच खाकरले. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"काय म्हणालीस? परत सांग." तो उठला आणि शेगडीपाशी गेला. नळीला चीर पडली होती.

मला आज ना उद्या कुणीतरी फेकून देईल. खुशाल फेका. जन्मभर ओढलं, ओरडलो, त्याची मला लाज नाही. पण तुमच्या घरात कुणी ओरडलं, तर साबण घेऊन धावू नका.