ढगावर काढलेला फोटो

हेमंतने नागपूरहून कॅमेरा आणला तो पचमढीला नेण्यासाठी. बहिणीच्या लग्नाची गोष्ट त्या कॅमेऱ्यावर येऊन ठेपेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. विद्युत मंडळातल्या सगळ्यांची मिळून सहल ठरली होती, आणि साहेबांच्या पुढे पुढे करायला हातात काहीतरी असावं एवढाच त्याचा हिशेब होता.

कॅमेरा म्हणजे एक काळा डबाच. गळ्यात अडकवायला पट्टा, वर दाबायचा खटका, समोर काचेचा डोळा आणि डोळ्याजवळ एक छोटीशी दांडी. दांडी इकडे सरकवली की उन्हाची खूण, तिकडे सरकवली की ढगाची. पाठीमागे एक लाल खिडकी होती. फोटो काढला की चावी फिरवायची, आणि खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. अख्ख्या पांढुर्ण्याच्या तारा सांभाळणारा हेमंत ही चावी फिरवायला मात्र हमखास विसरायचा. त्यामुळे एकावर एक फोटो बसले, आणि पचमढीच्या एका फोटोत साहेबांच्या पोटातून धबधबा पडताना दिसत होता. तो फोटो साहेबांना दाखवायचा नाही असं घरात सर्वानुमते ठरलं.

हेमंतची बहीण प्रेमलता जाम नदीचा पूल ओलांडून रोज सावरगावच्या प्राथमिक शाळेत शिकवायला जायची. 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द तिच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता. लहानपणी तिने वडिलांचं घड्याळ उघडून त्यातली टिकटिक कुठे बसते ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. नोकरी लागली, मोठी झाली, पण वस्तू हातात आली की ती उलटीपालटी केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता ही वस्तू घरातच होती, आणि हेमंत तिला हात लावू देत नव्हता.

सहलीहून आल्यावर रोलमध्ये एक फोटो उरला. रोल संपल्याशिवाय तो धुवायला टाकता येत नाही, आणि हेमंतला तर धीर निघत नव्हता. म्हणून त्याने भर दुपारी प्रेमलताला अंगणात उभं केलं, खटका दाबला आणि तसाच सायकलवर टांग मारून स्टेशनच्या रस्त्यावरच्या मधुकरच्या स्टुडिओत गेला. मधुकर स्वस्तातलं काम करायचा. सगळ्या निगेटिव्ह एकाच मोठ्या कागदावर ठेवायच्या, एकदाच उजेड दाखवायचा, की निगेटिव्ह जेवढी तेवढेच बाराही फोटो एकदम तयार. मग ज्याला हवा त्याने कातरीने कापून घ्यावा.

प्रेमलताचा फोटो घरात प्रत्येकाने दोनदा पाहिला. हेमंतच्या बायकोने, प्रतिभावहिनींनी, तो खिडकीशी नेला, तिरपा करून पाहिला, पुन्हा सरळ धरला.

"प्रेमा, हे तूच व्हय काय वो?"

फोटोतली प्रेमलता गोरी होती. चांगली गोरीपान.

मुलगी काळी असली की तिला सावळी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. प्रेमलता सरळ काळी होती, आणि छान दिसायची. यातली दुसरी गोष्ट तिला बघायला आलेल्यांपैकी एकालाही सुचली नव्हती. आधी दोन ठिकाणची मंडळी येऊन पोहे खाऊन गेली होती. दोघांनीही 'कळवतो' म्हटलं होतं आणि कोणीच कळवलं नव्हतं. तिला लग्न नको होतं असंही नाही. आपलं घर असावं, आपल्याशी दोन शब्द बोलणारा माणूस असावा, असं तिला फार वाटायचं. फक्त त्या पाटावर बसून मान खाली घालायचा तिला वीट आला होता.

रामाकोन्याच्या सुशीलामामींनी सौसरचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा जनपद ऑफिसात, म्हणजे पंचायत समितीत, बाबू; अरविंद नाव. त्यांना फोटो हवा होता. हेमंतने कातरी घेतली, फोटो कापला आणि मामींच्या हाती देऊन टाकला.

"दादा, हा खोटा आहे," प्रेमलता म्हणाली.

"क्यामेरा कधी खोटं बोलते काय? आधी येऊ तं दे त्यायले."

मुलाकडचे खूश झाले. पुढच्या रविवारी येतो, असा निरोप आला. घरात आनंदीआनंद झाला, आणि प्रेमलता धास्तावली. ते लोक येणार होते फोटोतल्या मुलीला बघायला, आणि दारात भेटणार होती ही. पण खरं सांगायचं तर त्या भीतीपेक्षाही एक प्रश्न तिला जास्त छळत होता. आपण गोऱ्या आलो काहून?

तिने कॅमेरा मागितला. हेमंतने नाही म्हटलं. मग तिने पचमढीचा तो फोटो साहेबांकडे पोचवायची गोष्ट काढली, आणि हेमंतने नव्या रोलसकट कॅमेरा तिच्या हवाली केला.

पहिल्यांदा तिने काचेच्या डोळ्यात डोळा घालून दांडी इकडून तिकडे सरकवली. आत एक भोक होतं. उन्हाच्या खुणेवर ते लहान व्हायचं, ढगाच्या खुणेवर मोठं. आभाळ भरून आलं की उजेड कमी, म्हणून दार मोठं उघडायचं; ऊन असलं की दार किलकिलं ठेवायचं. पचमढीच्या धुक्यात हेमंतने दांडी ढगावर नेली होती आणि ती तिथेच राहिली होती. इकडे पांढुर्ण्याचं ऊन मोठ्या दाराने आत घुसलं आणि दिसेल ते पांढरं करून गेलं. तिला हे पटलं, पण पटून भागणार नव्हतं. करून पाहायला हवं होतं.

कोणता फोटो कोणत्या खुणेवरचा हे नंतर कसं ओळखायचं? त्यासाठी तिने शाळेतली पाटी आणली. तिच्यावर खडूने 'ऊन' लिहिलं आणि प्रतिभावहिनींच्या हातात देऊन त्यांना अंगणात उभं केलं. मग 'ढग' लिहून पुन्हा. मग ओसरीच्या सावलीत दोन्ही खुणांवर. वहिनी घरात सगळ्यांत गोऱ्या, आणि त्याची त्यांना जाणीवही होती.

"चोरावानी पाटी धरून काय उभं करून राहिली मले," त्या कुरकुरल्या. पण पदर नीट करायला विसरल्या नाहीत. शेवटी पाटी प्रेमलताने धरली आणि वहिनींनी डोळे मिटून रोल संपेपर्यंत खटके दाबले.

शनिवारी मधुकरकडून कागद हातात आला, तो पाहून प्रेमलता बाजारातच हसत सुटली. वहिनी ओसरीत 'ऊन' घेऊन उभ्या होत्या आणि चक्क काळ्या आल्या होत्या. अंगणात 'ढग' घेऊन उभ्या होत्या तिथे त्यांचं नाकच पुसलं गेलं होतं. प्रेमलता स्वतः एका फोटोत गोरी, एकात गव्हाळ, एकात आहे तशी. एकच बाई, तीन रंगांची, आणि तिघींच्या हातात पाटी.

"हे मी नाहीच," वहिनी घरी म्हणाल्या.

"तुमीच आहा, वहिनी. पाटी तुमच्याच हातात आहे."

वहिनी बराच वेळ त्या काळ्या वहिनीकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाकडोळे तं तसेच आहेत माह्ये. पन लोकं मले अशी पाह्यले आले असते तं...?" आणि त्या उद्याच्या पोह्यांचं पाहायला आत गेल्या.

रविवारी सौसरची मंडळी आली. अरविंद, त्याची आई आणि मधे सुशीलामामी. प्रेमलता पोह्यांच्या बशा ठेवून बसली. अरविंदच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग पर्स उघडून फोटो काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत तिच्याकडे.

"फोटोत तं पोरगी उजळ दिसत होती जी."

मामींनी मान खाली घातली. हेमंत काहीतरी उन्हाबद्दल पुटपुटला. आता हे लोक उठणार, हे प्रेमलताला ठाऊक होतं, आणि ते उठायच्या आधी तीच उठली. आतून तिने तो कागद आणला आणि समोर ठेवला.

"तुमच्याजवळचा फोटो ढगाच्या खुनेवर निघाला आहे. म्हनून तसा आला. मी ह्या तिसऱ्या फोटोतल्यासारखी आहे."

अरविंदने कागद उचलला. आता हा हसणार असं तिला वाटलं. तो हसला नाही. त्याने कागद उजेडाकडे नेला.

"ही पाटी काहून धरली?"

"कोनता फोटो कोन्या खुनेचा ते समजाव म्हनून."

"मतलब आतलं भोक लहानमोठं होते?"

"हाव."

"मंग रातच्याले? चंद्राचा निघन काय?"

"त्याले दार खूप वेळ उघडं राहा लागन. ह्या डब्यात तशी सोय नाही."

"आन् चालत्या सायकलचा?"

"तो मी काढला नाही अजून. पाहा लागन."

स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं. पण तिने शोधून काढलेलं काही तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दोन डोकी एका कागदावर वाकली होती आणि पोहे निवत होते. आपल्याला हा माणूस आवडू लागला आहे, हे प्रेमलताच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याबरोबर तिने कागदावरचं डोकं थोडं मागे घेतलं.

अरविंदच्या आईने मुलाचा चेहरा पाहिला आणि ओळखायचं ते ओळखलं. "जाऊ द्या. रंगाचं काय येवढं," त्या म्हणाल्या. "शिकलेली आहे, नोकरी आहे. चालून जाईन." हेमंतने इतक्या मोठ्याने श्वास सोडला की मामींनाही तो ऐकू आला.

"माह्या काढा ना एक," अरविंद म्हणाला. "रोल आहे ना?"

रोल होता; शनिवारीच तिने कागदाबरोबर नवा आणला होता. सगळे अंगणात आले. अरविंद उन्हात उभा राहिला आणि प्रेमलताने कॅमेरा डोळ्याला लावला.

बघायला आलेल्या मुलाकडे मुलीने बघायचं नसतं. बघितलंच तर चोरून, तेही एकदाच. पण कॅमेरा डोळ्याशी असला की कोणी हरकत घेत नाही. उलट समोरचा स्वतःच सावरून उभा राहतो आणि म्हणतो, पाहा. प्रेमलताने पोटभर पाहून घेतलं. कपाळ मोठं. केसांना बेताचं तेल. उभं राहणं साधं, ऐट नाही. हसरे डोळे. छोट्याशा चौकोनात तो अख्खा मावला होता, आणि तिला तो तिथे बरा दिसत होता.

"कोन्या खुनेवर ठेवली?" त्याने विचारलं.

"उन्हावर. ऊन आहे ना."

"बरोबर. मले उन्हावरच चालते." तो हसला. "तुमचं मात्र लग्नाच्या वक्ती फोटोवाल्याले आधीच सांगून ठेवू, मॅडम. सारे ढगावर काढजो म्हना. मंग पाहा अल्बम कसा मस्त होते."

अंगणात एकच हशा उठला. अरविंदची आई हसली, मामी हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने हसला हेमंत, कारण 'लग्न' हा शब्द मुलाच्या तोंडून आला होता. प्रतिभावहिनींच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते मधेच थांबलं.

चौकोनात अरविंद वाट पाहत होता. आता हीसुद्धा हसेल, अशा खात्रीने तो तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, टोमणा नव्हता. कुचकेपणाने बोलला असता तर तिला राग आला असता आणि संध्याकाळपर्यंत उतरलाही असता. पण त्याने प्रेमाने तिची सोय लावून दिली होती. कॅमेऱ्याबद्दल तिने सांगितलेलं सगळं त्याला नीट समजलं होतं, आणि ते समजून त्याला एवढंच सुचलं होतं.

"हलू नका," ती म्हणाली आणि तिने खटका दाबला. मग लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवली.

मंडळी सौसरच्या बसने गेली. जाताना अरविंदच्या आईने वहिनींना, तारीख काढून ठेवा, असं सांगितलं. हेमंत उंबऱ्यावर चप्पल घालून उभा होता, हातात पिशवी.

"पेढे घेऊन येतो. मामीच्या हातानं सौसरलेही धाडू."

"पेढे राहू दे, दादा," प्रेमलता म्हणाली. "त्यायले नाही म्हनून सांगजो. त्यायचा फोटो धुतला का धाडून देऊ. चांगला येईन."

हेमंतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो चिडला, मग समजावू लागला. असं स्थळ पुन्हा येणार नाही. पोरगा सज्जन आहे. हिच्याशी इतकं बोलला, इतकं तर आजवर कोणी बोललं नव्हतं. प्रेमलता सगळ्याला हो म्हणाली, कारण ते सगळं खरं होतं आणि तिलाही त्याचं वाईट वाटत होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

"अवं, गंमत केली त्यानं," हेमंत म्हणाला. "सारे हसले. तूबी हसून टाकती, झालं असतं."

"हाव, हसली असती मी. पन आज हसली असती, तं जनमभर हसा लागलं असतं."

प्रतिभावहिनींनी नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. हेमंतने पायातली चप्पल काढली.