चांगल्या गुडघ्याची पट्टी

अक्षताने पट्टीचा शेवटचा वेढा असा ओढला की स्वप्नालीच्या मांडीवर पांढरे वळ उमटले.

"अगं, गुडघा हाय माझा. उसाची मोळी न्हवं."

"तूच म्हणालीस की, आवळ म्हणून."

"आवळ म्हणालो, जीव घे म्हणालो न्हाय."

अक्षता हसली नाही. तिने पट्टीला टोकाशी चिमटा लावला आणि ती उठून भिंतीला टेकली. हॉलमागच्या त्या खोलीत दोघीच होत्या. बाहेर मॅटवर दुसऱ्या वजनगटाची कुस्ती चालली होती आणि पंचाच्या शिट्टीगणिक मंगळवार पेठेतली पोरे बोंब ठोकत होती. ती सगळी स्वप्नालीसाठी आलेली. पेठेच्या तोंडाशी तिचा एवढा मोठा फ्लेक्स लागला होता की मागचे दवाखान्याचे नावसुद्धा झाकून गेले होते.

पट्टी उजव्या गुडघ्यावर होती, आणि उजव्या गुडघ्याला काहीही झालेले नव्हते. गेला होता तो डावा. वर्षापूर्वी एका मैदानात तो आतल्या आत वळला, आतली दोरी तुटली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. स्वप्नालीने ते पुढे ढकलले आणि अजूनही ढकलतच होती. ही गोष्ट तिघांनाच माहीत. स्वतः स्वप्नाली, तालमीचे वस्ताद हंबीरराव आणि तिची रोजची जोड अक्षता. बाकी जिल्ह्याला दिसायची ती पट्टी. समोरची पोरगी पट्टी बघून अधाशासारखी उजव्या पायावर झेप घ्यायची आणि स्वप्नाली तिला वरून दाबून तिथल्या तिथे पालथी घालायची. दुखरा पाय झाकायचा असेल तर चांगल्याला पट्टी बांधावी, ही वस्तादांची शिकवण. या एका पट्टीवर स्वप्नालीने वर्षभरात दोन मैदाने मारली होती, आणि दोन्ही वेळेला ती पट्टी बांधली होती अक्षताने.

दारावर थाप पडली. वस्तादांनी दार किलकिले करून बोटाने अक्षताला बाहेर बोलावले.

"हे बघ," बोळात येताच ते खालच्या आवाजात म्हणाले, "डाव्याला हात लावायचा न्हाय."

"मग कुस्ती कशाला लावताय? सरळ तिचं नाव धाडा."

"निवड चाचणी घ्यायला लागतीया. नियम हाय. तू आपली उजव्या अंगानं खेळ. पॉइंटावर हरलीस तर कोण नावं ठेवणार न्हाय."

"म्हंजे मी दावणीचं बोकड."

"तोंड सांभाळ. तुझं वय हाय अजून. तिचं हे शेवटचं हाय."

"गेल्या वर्षी बी शेवटचंच हुतं, वस्ताद."

हंबीररावांनी तिच्याकडे नुसते पाहिले. एरवी या नजरेने तिची मान खाली जायची. आज गेली नाही. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला या वजनात एकच पोरगी जाणार होती. गटात दोनच नावे उरली होती, आणि त्यातले एक नाव कुस्तीआधीच ठरून बसले होते. मग आपण पहाटे उठून शिरोलीतून पहिल्या बसने येतो ते कशाला? पट्ट्या बांधायला?

वस्ताद निघून गेले तरी ती बोळात उभी राहिली. तिचे वडील नागसेन नेसरीहून शिरोली एमआयडीसीत आले ते भट्टीवर कामाला. एकदा वितळलेल्या लोखंडाचा रस त्यांच्या पायावर उडाला. पाय भरून येईपर्यंत ते घरी बसले. परत गेले तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरा माणूस उभा होता, आणि तो काही हलला नाही. तेव्हापासून ते तिथेच हातगाडा ढकलतात. त्यांची जागा कोणी राखली नाही. 'नागसेनचं हे शेवटचं हाय, त्याला उभा ऱ्हाऊ द्या,' असे कोणी म्हणाले नाही. आणि इथे एका मोडक्या गुडघ्यासाठी वस्ताद वाट अडवून बसले आहेत! अक्षताच्या मस्तकात तिडीक गेली.

ती आत आली. स्वप्नाली केसांची घट्ट वेणी घालत होती.

"ताई, बाजूला हो की."

वेणीवरचे हात थांबले. "का?"

"डॉक्टर काय बोलला ते मी बी ऐकलंय. परत वळला तर जिना चढायची न्हाईस."

"न्हाय चढलो तर न्हाय. मी कुठं माडीवर ऱ्हातोय?"

"मस्करी नको. आणि माझं काय? मी जलमभर तुझ्या पट्ट्याच बांधू व्हय? माझी बी वर्सं चाललीत. तुझा पाय चांगला असता तर मी तोंड उघडलं नसतं. पाय न्हाय आणि जागा बी सोडत न्हाईस. ही कुठली रीत?"

स्वप्नालीने वेणीचे टोक रबराने बांधले. दोन्ही हात बाकावर टेकून, डावा पाय सरळ ठेवूनच ती उठली. ते उठणे अक्षताने रोज पाहिले होते. आज तिला त्याचाही राग आला.

"बाजूला झालेल्या माणसाला परत कोण बोलवत न्हाय, अक्षे," स्वप्नाली म्हणाली. "दोन दिवस दिसलो न्हाय तर फ्लेक्सवर दुसरं तोंड येतंय. तुला जागा पायजे? घे की. मागाय काय आलीयास?"

"वस्ताद घेऊ देतात व्हय?"

"मी वस्तादांचं कुठं बोललो?"

बाहेर त्यांची नावे पुकारली गेली.

पहिल्या डावात अक्षता सांगितल्यासारखी खेळली. उजव्या पायाला हात घातला आणि स्वप्नालीने तिला वरून दाबून फिरवली. पुन्हा घातला, पुन्हा फिरली. पेठेची पोरे नाचायला लागली. जाणूनबुजून हरणे म्हणजे काय असते ते अक्षताला त्या मॅटवर कळले. दुसऱ्याने पाडलेले सोसते, पण स्वतःला स्वतःच पाडायचे म्हणजे आतून भाजून निघते. डाव संपला तेव्हा ती चार गुणांनी मागे होती. पाण्याची बाटली पुढे करत वस्ताद म्हणाले, "शाबास. आता अशीच काढ येळ." तिने बाटली घेतली नाही.

दुसऱ्या डावाची शिट्टी झाली. स्वप्नाली समोर वाकली, उजवा पाय पुढे, पट्टी पुढे, डावा मागे लपवून. अक्षताने खांद्याने तिला ढकलले, उजवीकडे जायची हूल दिली आणि खाली घुसून डावा पाय धरला.

हॉलमध्ये एक आवाज उठला. वस्तादांचा.

"सोड! अक्षे, सोड त्यो!"

गुडघा तिच्या दोन्ही हातांत होता. मातीत हललेल्या खुंट्यासारखा तो आत डुलत होता. हाताने नुसता पीळ दिला असता तरी काम झाले असते, आणि राग एवढा होता की पीळ द्यावासा वाटला, हे खरे. वर स्वप्नालीचा श्वास थांबला होता. ती ओरडली नाही, पाय ओढून घेतला नाही. अक्षताने पीळ दिला नाही. पाय सरळ उचलून खांद्यावर घेतला आणि सगळे अंग पुढे झोकले. दोघी धाडकन पडल्या. स्वप्नालीच्या पाठीखाली अक्षताचा डावा हात सापडला आणि अंगठ्यात काहीतरी कट्कन वाजले. कळ पार खांद्यापर्यंत गेली. तिने हात काढला नाही. तशीच छातीने दाबत राहिली, पंचाने मॅटवर थाप मारेपर्यंत.

चीत.

पेठेची पोरे खाली बसली. पंचाने अक्षताचा उजवा हात वर केला. डावा तिने मूठ वळून मांडीमागे धरला होता.

वस्ताद तरातरा आले. "काळीज हाय का न्हाय तुला? जिनं तुला डाव शिकीवला तिच्याच पायावर?"

"कुस्ती लावलीसा. केली."

"वस्ताद," खाली बसलेली स्वप्नाली म्हणाली, "चीत झालो मी. पीळ दिला न्हाय तिनं. तिला कशाला बोलताय?"

हंबीरराव निवड समितीच्या टेबलाकडे वळले. ते दोन पावले गेले आणि थांबले. तालमीत केस पांढरे झालेला माणूस, कोण कसे उभे आहे हे त्यांना बघावे लागत नसे, दिसत असे. ते परत वळले.

"हात मागं का धरलाईस?"

"उगंच."

"लागलं असलं तर आत्ता सांग. समिती अजून टेबलावर हाय. दोन नंबरची जाईल, लंगडत का हुईना. उद्या तिथं जाऊन जिल्ह्याची अब्रू घालवू नकोस."

मुठीत अंगठा टरारून फुगत होता. दोन नंबरची समोरच बसली होती, डावा पाय लांब पसरून. मघाशी आपण हिला केवढ्या तावाने रीत शिकवली, हे अक्षताला आठवले आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता राग कोणावर काढायचा तेही कळेना. तिच्या डोळ्यांपुढे हातगाडा ढकलणारे बाबा आले.

"काय न्हाय झालं," ती म्हणाली. "धड हाय मी."

वस्तादांनी घुटमळत तिच्याकडे पाहिले आणि ते टेबलाकडे चालू लागले.

स्वप्नालीने उजव्या गुडघ्याचा चिमटा काढला. पट्टी सोडून तिची गुंडाळी केली आणि लंगडत येऊन ती अक्षताच्या शेजारी बाकावर बसली. तो अंगठा तिच्याच पाठीखाली वाजला होता. तिला ऐकू गेले नसेल असे होणेच नव्हते. वस्ताद अजून हाकेच्या अंतरावर होते. एक हाक मारली असती तर तिचे नाव पुन्हा कागदावर चढले असते. अक्षता त्या हाकेची वाट बघत बसली.

स्वप्नालीने पट्टीचे टोक मोकळे केले.

"कुठला हात?" ती हळूच म्हणाली.

टेबलापाशी पोहोचलेले वस्ताद मागे वळून बघत होते. अक्षताने दात आवळले आणि उजवा हात पुढे केला.

स्वप्नालीने त्या धड हातावर पट्टीचे टोक ठेवले. मनगटावरून, अंगठ्यावरून ती एकेक वेढा घालत गेली. पट्टी तिच्या गुडघ्याने अजून गरम होती.

"आवळ की," अक्षता म्हणाली.